चौदाव्या भागानंतर

सुशांत गावंडेच्या ब्लॉगला एकच वाचक होता, आणि तोही माणूसच असेल याची सुशांतला खात्री नव्हती.

तो वाचक दर रविवारी सकाळी येई. ब्लॉगच्या मागच्या बाजूला एक आकड्यांचं पान असतं. कोण कुठून आलं, किती वेळ थांबलं, याच्या चहाड्या ते लेखकाच्या कानात सांगतं. त्या पानावर रविवारी सकाळी जबलपूरच्या नावापुढे एक ठिपका उमटे, आणि मग आठवडाभर सामसूम. कॉम्प्युटरच्या धंद्यातला माणूस असल्यामुळे सुशांतनं ठरवून टाकलं होतं की हा बॉट असणार, इंटरनेटवर दारोदार फिरून पाट्या वाचत जाणारा एखादा यंत्राचा फेरीवाला. तरीपण त्यानं त्याचं बारसं केलं होतं, ‘रविवारवाला’. लिहिणाऱ्या माणसाला कुणीतरी लागतंच, मग तो फेरीवाला का असेना.

सुशांत जबलपूरलाच, खमरियातल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढला, पुण्याला शिकला, तिथल्याच कंपनीत लागला आणि टाळेबंदीत घरी आला तो आलाच. कंपनीनं परत बोलावलं नाही, आणि यानं आठवण करून द्यायचा शहाणपणा केला नाही. घरबसल्या औषधं मागवायचं एक ॲप आहे, त्याच्या पोटातली कामं तो मागच्या खोलीत बसून करतो. तुम्ही खोकल्याचं औषध मागवलं आणि गुडघ्याचा पट्टा आला, तर तुमच्या शिव्या फिरत फिरत शेवटी ज्याच्यापर्यंत पोचतात, तो सुशांत.

ब्लॉगचं नाव ‘उघडा टॅब’. लिहायचा मराठीत, पण घरच्या मराठीत, हिंदीचा हात धरून चालणाऱ्या. विषयांना तोटा नव्हता. ‘अपडेट नंतर करा’ हे बटण ज्यानं शोधलं त्याचा अजून कुणी सत्कार काहून केला नाही? वाढदिवसाची तारीख पासवर्ड ठेवणारे लोक चोराला केकही कापून देतील काय? सिनेमातला हॅकर कधीच माऊस का वापरत नाही? असल्या गोष्टी तो मोठ्या गांभीर्यानं लिही. आणि अधूनमधून लिही ‘आमच्या पिताश्रीं’वर.

पिताश्री म्हणजे शशिकांत गावंडे, फॅक्टरीच्या मशीन शॉपमध्ये उभी हयात घालवलेले. नवा टीव्ही आला त्या दिवशी त्यांनी रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी चढवून रबर लावलं होतं. पुढच्या वर्षी ती पिशवी खराब होऊ नये म्हणून तिच्यावर दुसरी चढवली. फोनवर समोरचा माणूस जितका लांब, तितका त्यांचा आवाज मोठा. पुण्याशी बोलत तेव्हा फक्त शेजारी जागे होत. भाची कॅनडाला गेल्यापासून क्वार्टरांची सगळी लाइन जागी होऊ लागली. प्रत्येक फोनची सुरुवात एकच, “हॅलो, आवाज येऊन राहिला का?” हे सगळं सुशांतनं तिखटमीठ लावून लिहिलं होतं. बाबा कधी वाचणार नाहीत याची खात्री असल्यावर माणसाची लेखणी फार धीट होते.

गंमत अशी की जगाला ऐकू जाणारा हा आवाज सुशांतच्या वाट्याला फारसा येत नसे. बापलेकांमध्ये भांडण नव्हतं. बोलणंही नव्हतं. “जेवला का?” “हो.” “पंखा बंद कर.” “केला.” एवढ्यावर आठवडा निघून जाई. बाबा सकाळी भोंग्याच्या आधी स्कूटर काढत, तेव्हा सुशांत झोपलेला असे. ते परतत तेव्हा त्याच्या कानांवर हेडफोन असत. आई, म्हणजे प्रतिमाताई, दोघांच्या मधोमध बसून दोघांशी बोले, त्यामुळे घर शांत आहे असं कुणाला वाटत नसे.

मग बाबांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक कोरियन मालिका आली आणि सुशांत तिच्या नादी लागला. एक बेट, तिथे होडी चालवणारी सोरा नावाची मुलगी, आणि वाहत आलेला जे-उक नावाचा तरुण, ज्याची स्मृती गेलेली आहे. कोरियन मालिकेत स्मृती जाणं हे आपल्याकडे सर्दी होण्याइतकं सर्रास आहे. ‘बॅकअप न घेतलेल्या सर्व्हरच्या प्रेमात पडू नये, पण सोराला कोण सांगणार?’ असं पहिल्याच भागावर लिहून सुशांतनं सुरुवात केली, आणि मग दर शनिवारी तो त्या आठवड्याच्या भागाची सगळी कथा टोमण्यांसकट लिहू लागला. जे-उक हा खरं तर त्याच कंपनीच्या मालकाचा मुलगा निघाला, जी बेटावर पूल बांधून सोराची होडी कायमची बंद करणार होती. सोराच्या बापावर तर सुशांतचा विशेष राग होता. म्हातारा भाग न् भाग जाळं विणत बसलेला. ‘या माणसाला संवाद लिहायला लेखकाकडे शाई उरली नव्हती काय?’ असं त्यानं विचारलं होतं. चौदाव्या भागात सोराला सगळं कळलं आणि ती वादळात एकटीच होडी घेऊन निघाली.

मालिका सोळा भागांची होती. सुशांतचं लिहिणं चौदाव्यावर थांबलं.

कारण म्हटलं तर क्षुल्लक. कंपनीतली समिधा त्याची चांगली मैत्रीण. एका दुपारी मीटिंग सुरू व्हायच्या आधी ती हसत म्हणाली, “तुझे जुने लेख मी चॅटबॉटला दिले आणि म्हटलं, याच्यासारखं पंधराव्या भागावर लिही. बघ तर.” सुशांतनं बघितलं. टोमणे होते, पिताश्री होते, घरची मराठीसुद्धा बऱ्यापैकी होती. समिधानं थट्टा म्हणून केलं होतं आणि सुशांतही थट्टा म्हणून हसला. पण त्या शनिवारी तो लिहायला बसला तेव्हा प्रत्येक वाक्य आधीच कुणीतरी उष्टं करून ठेवल्यासारखं वाटलं. ज्याला वाचक नाही आणि जे यंत्र चहा होईपर्यंत लिहून देतं, ते आपण शनिवार घालवून कशाला लिहायचं? त्यानं लॅपटॉप मिटला, आणि पुढच्या शनिवारी उघडलाच नाही.

रविवारवाला मात्र येत राहिला. येई, पहिल्याच पानावर बराच वेळ थांबे, आणि परत जाई. नवं काही नसताना बॉट इतका वेळ का थांबेल, हा विचार सुशांतच्या मनात एकदा आला होता. त्यानं तो फार वेळ मनात ठेवला नाही.

आणि मग ज्या सेवेवर ब्लॉग होता तिनंच दुकान बंद करायचं जाहीर केलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, रात्री बारा वाजता, सगळं पुसलं जाणार. ज्याला हवं त्यानं आपलं लिखाण आधी उतरवून दुसरीकडे न्यावं. सुशांतच्या हाताला हे तासाभराचं काम. रोज दुसऱ्यांचा डेटा एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचे त्याला पैसे मिळत. पण स्वतःच्या लेखांसाठी त्याचा हात उचलला जाईना. ‘जाऊ दे बुडून’ म्हणाला. बॅकअपवरून जे-उकची टर उडवणाऱ्या माणसानं स्वतः बॅकअप घेतला नव्हता, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. वाईट मात्र वाटत होतं. वाईट वाटतंय हे मान्य करायलाही वाचक लागतो.

त्याच दिवशी बाबा रिटायर होत होते. सरकारी नोकरी महिन्याच्या शेवटच्या दिवशीच संपते, तिला दुसरी तारीख ठाऊक नाही.

खमरियात माणूस रिटायर झाला की एकटा घरी येत नाही. शॉपमधले सोबती त्याला हार घालून, गुलालानं माखून, सजवलेल्या गाडीत बसवून, ढोल वाजवत क्वार्टरपर्यंत आणून सोडतात. लग्नाची वरात असते तशीच, फक्त नवरदेव साठीचा, आणि नवरी वर्षानुवर्षं घरातच. प्रतिमाताईंनी सकाळपासून चिवड्याचं मोठं पातेलं उतरवलं होतं, समोसे सांगून ठेवले होते, आणि खोव्याची जलेबी आणायला सुशांतला पिटाळलं होतं. त्यानं सुट्टी घेतली होती. घरात आलेल्या माणसांशी हसून बोलायचं, बशा फिरवायच्या, एवढंच आपलं काम, असं त्याला वाटत होतं.

चार वाजून गेल्यावर ढोल ऐकू आला. उघड्या जीपमध्ये बाबा उभे होते, गळ्यात इतके हार की हनुवटी दिसेना, कपाळापासून शर्टापर्यंत गुलाल. प्रतिमाताईंनी दारात ओवाळलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते दिसू नये म्हणून त्यांनी नवऱ्यालाच दटावलं, “आधी पाय धुवा, सारी फरशी लाल करून ठेवान.”

पंधरावीस माणसं घरात शिरली. त्यांत पुढे होते अंबादासकाका, बाबांच्या शेजारच्या मशीनवर काम करणारे, आणि तिवारीजी, ज्यांना कुजबुजणं ही कला कुणी शिकवलीच नव्हती. सुशांत बशा घेऊन पुढे झाला. तिवारीजींनी बशी बाजूला सारली.

“चिवड़ा बाद में,” ते म्हणाले. “पहले रिमोट दिखाओ.”

सुशांतला वाटलं, मॅच बघायची असेल. “टीवी चालू करूँ, अंकल?”

“टीवी को मारो गोली. रिमोट! दो पन्नी वाला!”

मागून हशा उसळला. कुणीतरी ओरडलं, “रबर भी देखना है भैया, ओरिजिनल है कि बदल गया!” अंबादासकाकांनी टीव्हीखालच्या फळीवरून रिमोट उचलला, दोन्ही पिशव्यांसकट उजेडात धरला, आणि माणसं तो प्रसाद असावा तसा हातोहात बघू लागली. एकानं तर रबर ताणूनही पाहिलं.

सुशांत बशीसकट अंबादासकाकांजवळ सरकला. या रिमोटची गोष्ट त्यानं जगात एकाच ठिकाणी लिहिली होती.

“काका,” त्यानं अंबादासकाकांना हळूच विचारलं, “तुम्हाला हे कोणी सांगितलं?”

“काय बाप्पा, विचारून राहिला!” काका म्हणाले. “तूच तर लिहिलं. तुझे बाबा वाचून दाखवतात ना आम्हाला, जेवणाच्या सुट्टीत. फोन तर आत नेऊ देत नाहीत. मग ते रविवारी रांझीच्या बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणतात, अन् सोमवारी डब्याच्या पिशवीत घालून घेऊन येतात.”

“और गेट पर सिक्योरिटी वाला पूछता है, कागज में क्या है,” तिवारीजींनी पुढचं उचललं. “मराठी उसको आती नहीं. तो गावंडेजी पहले उसको खड़े-खड़े पूरी कहानी हिंदी में सुनाते हैं, तब अंदर आते हैं. पूरा शॉप उधर डिब्बा खोल के बैठा है, और ये गेट पे कथा बाँच रहे हैं!”

पुन्हा हशा. सुशांतला मात्र रविवारी सकाळची ती कापडी पिशवी दिसत होती. बाबा भाजीला म्हणून रांझीला जात, चांगला वेळ लावत, आणि आणत काय, तर मेथीची एक जुडी आणि चार कांदे. आई चिडे, “एवढ्याले इतका वेळ?” बाबा कांदे टोपलीत ओतून मोकळे होत. म्हणजे जबलपूरचा तो एकुलता ठिपका झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरचा होता. आणि रविवारवाला त्याच घरात, भिंतीपलीकडच्या खोलीत झोपत होता.

आणि बाबांनी सगळं वाचलं होतं. रिमोट, कॅनडाचा फोन, ‘आवाज येऊन राहिला का’, सगळं. नुसतं वाचलं नव्हतं, भर जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या तोंडानं साऱ्या शॉपला वाचून दाखवलं होतं. सुशांतनं बाबांकडे बघितलं. ते खुर्चीत बसून हार एकेक करून काढत होते, आणि त्यांच्याच रिमोटवर माणसं हसत असताना त्यांच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता. सुशांतला लाज वाटली, खरी, कानापर्यंत जाणारी.

“लेकिन एक बात बोलूँ, लेखक महोदय,” तिवारीजींचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, म्हणजे शेजारच्या क्वार्टरपर्यंतच गेला असेल. “आखिरी दो भाग में तो आपने रुला दिया. हओ, सच्ची. हम जैसे आदमी को.”

सुशांतच्या हातातली बशी तशीच राहिली. शेवटचे दोन भाग? शेवटचे दोन भाग त्यानं लिहिलेच नव्हते.

“कौन सा… हिस्सा, अंकल?”

“अरे वही! सरोज तूफान में नाव लेके निकल गई.” शॉपमध्ये सोराची सरोज झाली होती आणि जे-उकचा जयकुमार, हे सुशांतला तिथल्या तिथे कळलं. “जयकुमार किनारे पे चिल्ला रहा है, किसी को सुनाई नहीं दे रहा. और तब वो बुड्ढा उठता है, सरोज का बाप. जो शुरू से जाल बुनता बैठा था. घाट पे जाता है और कंदील ऊपर चढ़ाता है. तब पता चलता है कि वो तो रोज़ चढ़ाता था. सरोज जब-जब पानी पर गई, बुड्ढे ने कंदील चढ़ाया, और उसके लौटने से पहले उतार लिया, कि लड़की को बुरा न लगे, कि बाप को मुझ पर भरोसा नहीं.”

खोलीत आता कुणी हसत नव्हतं. गोष्ट सगळ्यांना पाठ होती, तरी सगळे ऐकत होते.

“अन् सरोज कंदिलाच्या उजेडानं परत येते,” अंबादासकाका म्हणाले, “अन् बापावर चिडते. म्हणते, एवढी वर्षं मी तुमच्यापुढं बडबडून राहिली, तुम्ही तोंड उघडलं नाही. तेव्हा तो म्हणतो…” काकांनी वाक्य नीट आठवून घेतलं. “म्हणतो, ‘बोलत नव्हतो पोरी, म्हणून काय ऐकत नव्हतो का?’”

सुशांतनं बाबांकडे बघितलं. बाबांनी पाण्याचा तांब्या उचलला होता आणि जो मागत नव्हता त्याच्या ग्लासात पाणी ओतत होते. एकदाच त्यांनी वर पाहिलं. चोरी पकडली गेलेल्या माणसाची ती नजर होती, आणि तीत विनवणी होती. त्यांना वाटत होतं, आता पोरगा बोलून टाकणार, हे मी लिहिलं नाही, हे बाबांनी मनचं सांगितलं. शेवटच्या दिवशी, साऱ्या शॉपसमोर.

“हां अंकल,” सुशांत म्हणाला. “वो हिस्सा… बहुत अच्छा बना है. मेरा बाकी लिखा उसके सामने कुछ नहीं.”

तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

“पण मला एक सांग,” अंबादासकाका काही केल्या गोष्ट सोडेनात. “त्या म्हाताऱ्याला हे आधी काहून नाही बोलता आलं? इतकी वर्षं?”

प्रश्न लेखकाला होता आणि खरा लेखक परत खुर्चीत जाऊन पाठमोरा बसला होता.

“त्याला कोणी विचारलंच नाही, काका,” सुशांत म्हणाला.

मग समोसे आले, जलेबी आली, आणि गोष्ट मागे पडली. निघताना माणसं बाबांच्या गळ्यात पडत होती. तिवारीजी सर्वांत शेवटी निघाले, आणि दारात त्यांनी मनातली चिंता बोलून दाखवली. “अब सोमवार को कौन सुनाएगा, गावंडेजी? अंबादास पढ़ेगा तो एक पन्ने में रिटायर हो जाएगा.” बाबा हसले. पण दार लावून घेतल्यावर ते हसू त्यांच्या चेहऱ्यावर टिकलं नाही. फॅक्टरी सुटल्याचं दुःख त्यांनी दिवसभर ढोलाखाली झाकून ठेवलं होतं. आता घरात ढोल नव्हता.

प्रतिमाताई बशा गोळा करत होत्या. सुशांतनं विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं. “ते वाचतात हे मले माहीत होतं. एकदा तू अंघोळीले गेलता, लॅपटॉप उघडा होता. ते चहा ठेवायले आले अन् उभ्याउभ्या वाचत राहिले. मले वाटलं आता चिडतील. तर म्हणे, पोरगा घरात लक्ष देऊन पाहते, नाही? म्हणे, आपल्याले वाटते पाहत नाही.”

सुशांतनं हातातली बशी आईकडे दिली. तो बाबांसमोरच्या स्टुलावर जाऊन बसला. इतक्या जवळ तो पूर्वी कधी बसला होता हे त्याला आठवेना.

“बाबा, ते दोन भाग तुम्ही मनानं सांगितले?”

“मग काय करू?” बाबा गुन्हा कबूल न करता वाद घालू लागले. “तू लिहिलं नाही. मी दोनचारदा जाऊन पाहिलं, नवं काहीच नाही. म्हटलं कामात असन. पण सोमवारी सारे डबे उघडून बसले अन् माझ्याकडे पाहून राहिले. त्यायले काय सांगू, पोरानं पोरीले वादळात सोडून दिलं म्हणून? मी जुनाच कागद हातात धरला अन् सांगत गेलो.”

“मालिका पाहिली होती तुम्ही?”

“मी कशाला पाहतो? तू सांगत होता ना.” मग एखाद्या कारागिरानं दुसऱ्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, “खरं कसं संपते ते?”

सुशांतनं सांगितलं. पूल होतो. होडी बंद होते. सोरा शहरात जाते, वर्षभरानं विमानतळावर दोघांची गाठ पडते, स्मृती परत आलेली असते, गाणं वाजतं.

“अन् तिचा बाप?”

“तो शेवटच्या भागात नाहीच.”

“नाहीच?” बाबांना हे खरोखर लागलं. “असं कसं? मग तो इतके दिवस जाळं काहून विणून राहिला होता?”

सुशांतला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. चॅटबॉटनं लिहिलेल्या पंधराव्या भागात सगळं बरोबर होतं, विमानतळाच्या चाहुलीपर्यंत. कंदील त्यात नव्हता. जो कंदील खमरियाच्या मशीन शॉपमध्ये, हातातल्या जुन्या कागदावरून वाचल्याचं नाटक करत एका माणसानं लावला, तो कुठल्या यंत्राच्या पोटात असणार? आणि तो कुठेच लिहिलेला नव्हता. आज रात्री बारा वाजता पुसला जाणार होता तो तर फक्त त्याच्याआधीचा भाग.

तो उठला, मागच्या खोलीतून लॅपटॉप घेऊन आला आणि तिथेच, बाबांच्या समोर, सगळा ‘उघडा टॅब’ उतरवायला लावला. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. बाबा खाली वाकून बघत राहिले.

“हे काय करून राहिला?”

“बॅकअप घेऊन राहिलो. उद्यापासून नव्या जागेवर राहील. पण चौदाव्या भागावर संपलेला ब्लॉग नव्या घरात न्यायचा नाही. पंधरावा अन् सोळावा तुम्ही सांगा.”

“मी? अरे, मले लिहिता येत नाही.”

“लिहू नका. सांगायचं. तुमच्या आवाजात ठेवू. फोन आत जात नाही ना, नको जाऊ दे. सुट्टी झाली की गेटच्या बाहेर सारे फोन चालू करतातच. बसची वाट पाहत ऐकतील. तिवारीजींना तर कानाला लावायचीही गरज नाही.”

बाबांचा हात गळ्याकडे गेला आणि तिथे राहिलेला शेवटचा हार त्यांनी काढून बाजूला ठेवला. प्रतिमाताईंनी स्वयंपाकघरातला नळ बंद केला आणि पदराला हात पुसत त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सुशांतनं आपला फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि लाल बटण दाबलं.

बाबा सावरून बसले. त्यांनी घसा खाकरला, फोनकडे तो कॅनडात असल्यासारखं बघितलं, आणि सगळी लाइन जागी होईल अशा आवाजात म्हणाले, “हॅलो! आवाज येऊन राहिला का?”

“येऊन राहिला, बाबा,” सुशांत म्हणाला. “बोला तुम्ही. मी ऐकून राहिलो.”